जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घ्यायची आहे, काय काय तपासू?

कासपठार
१९९० ते २००० च्या दरम्यानची स्टँडर्ड ३५० बघतेय. जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाचे चार गिअर, पॉइंटवालीच (ठिणगीचा प्रवाह उघड-मिट करणाऱ्या जुन्या संपर्कांची, इलेक्ट्रॉनिक नव्हे) हवी. दोन गाड्या नजरेत आहेत. एक नुकतीच रंगवलेली, क्रोम चकाचक. दुसरीचा रंग विटलाय, सीट फाटलंय, पण रोज वापरात आहे असं मालक म्हणतात. शनिवारी बघायला जायचंय आणि सोबत मेकॅनिक मिळेलच असं नाही. माझं मला काय तपासता येईल आणि कुठला दोष दिसला तर सरळ परत फिरायचं, ते सांगा. पाने, प्लगपाना, स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज हाताशी आहेत.

दट्ट्या_७०बाय९०
ताई, जायच्या आधी मालकांना फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर सिलिंडरच्या फिन्सना हात लावा. कोमट लागल्या तर चहा घ्या, दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा. या इंजिनाची अर्धी दुखणी थंड असतानाच बोलतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात.

थंड इंजिनावर करायच्या गोष्टी:

आधी किकवर उभं राहून कॉम्प्रेशन बघा. पेट्रोल बंद, इग्निशन बंद. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) न दाबता किक हळूहळू खाली न्या. एका जागी ती अडते. तिथे झटका न देता पूर्ण वजन टाकून उभ्या राहा. चांगल्या इंजिनात किक काही सेकंद तुम्हाला तोलून धरते आणि मग सावकाश खाली जाते. पाय टेकताच खाली गेली तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा डिकॉम्प्रेसर यांपैकी काहीतरी गळतंय. डिकॉम्प्रेसरची केबल फार ताणलेली असली तरी असं होतं, म्हणून आधी केबलला थोडी ढील आहे ना ते बघा आणि मगच इंजिनाला दोष द्या.

मग इग्निशन चालू करून अँपिअर मीटरकडे बघत किक हळू फिरवा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे कलतो, उघडले की मध्यावर येतो. काटा अजिबात हलत नसेल तर मीटर मेलाय, वायर बायपास केलीय, नाहीतर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. तिन्हींत मोठं वाईट काही नाही, पण विचारा.

पॉइंटचं झाकण दोन स्क्रूंचं असतं, उघडून बघा. पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवी. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड दिसलं तर कंडेन्सर संपलाय. कॅम बोटाने हलकेच फिरवून सोडा, स्प्रिंगने तो आपोआप मागे आला पाहिजे. आला नाही तर ऑटो अॅडव्हान्सची वजनं गंजून अडकलीत. अशी गाडी किक उलटी मारते. घोट्याला इजा होतेच, शिवाय किकचा रॅचेटही जातो.

खडकी_बाजार
वरचं सगळं बरोबर. यात ऑइलचं सविस्तर घालतो, कारण बुलेटमध्ये सगळ्यात महाग चूक तिथे होते.

या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी दिसत नाही. ती क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला आहे. दोन पंप असतात. एक टाकीतून ऑइल क्रँकला देतो, दुसरा खाली साचलेलं ऑइल उपसून परत पाठवतो. गाडी आठवडे उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. याला वेट संपिंग म्हणतात. लक्षण ठरलेलं आहे: चालू केल्यावर निळ्या धुराचा लोट येतो, दोनचार मिनिटांत ओसरतो, आणि डिपस्टिकवरची पातळी चालवल्यानंतर वाढलेली दिसते.

त्यामुळे उभ्या गाडीची डिपस्टिक बघून 'ऑइल कमी आहे' म्हणत वरून ओतू नका. आधी चालवा, थांबवा, दोन मिनिटांनी मोजा. एकूण ऑइल साधारण सव्वादोन लिटर, २०डब्ल्यू५०.

मालक तयार असतील तर क्रँककेसचा ड्रेन नट उघडायला सांगा. खाली दोन नट आहेत, एक टाकीचा, एक क्रँककेसचा. हवाय तो क्रँककेसचा. रात्रभर उभ्या गाडीतून कपभर ऑइल आलं तर ठीक. अर्धा लिटर आलं तर पंपाच्या डिस्क लॅप करायचं, म्हणजे घासून सपाट करायचं काम आहे. ते काम मोठं नाही, किमतीत धरा. खरं बघायचं ते ऑइलमध्ये. थेंबभर पांढऱ्या कागदावर घ्या, उन्हात तिरपा धरा. करडा, मऊ गाळ चालतो. पिवळी चमक दिसली आणि चुंबकाला चिकटली नाही तर ब्राँझचं बुश झिजतंय. चुंबकाला चिकटणारे कण नखाला टोचण्याइतके मोठे असतील तर गाडी तिथेच सोडा. क्रँकचं काम म्हणजे संपूर्ण इंजिन खाली उतरवणं.

आणि ही तपासणी चुकवू नका. इंजिन चालू, आयडलवर. हेडवर रॉकरला ऑइल नेणारी बारीक नळी आहे, तिचा बँजो बोल्ट अर्धा फेरा सैल करा. काही क्षणांत ऑइल पाझरायला हवं. पाझरलं की लगेच आवळा, पण जोर लावून नाही, कारण तो बोल्ट पोकळ आहे, तुटतो. मिनिटभर वाट बघूनही कोरडाच राहिला तर इंजिन बंद करा, पुन्हा चालू करू नका, टेस्ट राइड तर नाहीच.

कासपठार
बँजो बोल्ट मालक हात लावू देतील का? आणि धुराचं कळलं, पण निळा धूर वेट संपिंगचा की रिंगचा, हे कसं ओळखायचं?

खडकी_बाजार
ज्याने गाडी नीट ठेवलीय तो पाना स्वतः आणून देतो. नाही म्हणाले तर जबरदस्ती करू नका, पण तेवढी जोखीम किमतीतून वजा करा.

धूर वेळेवरून ओळखायचा. सुरुवातीला येऊन थांबतो तो वेट संपिंगचा. इंजिन गरम झाल्यावरही प्रत्येक रेसला येतो तो रिंग-बोअरचा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून लांब आलात आणि खाली पुन्हा थ्रॉटल उघडताच एक झुळूक निळी सुटली, तर व्हॉल्व्ह गाइड. काळा धूर ऑइलचा नसतोच, कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त देतोय किंवा चोक अडकलाय.

रिंग गेल्या असतील तर पुढचा प्रश्न विचारा: बोअर कितव्यांदा झालंय? स्टँडर्ड ७० मिमी. त्यानंतर पिस्टन २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ४० थाऊ, ६० थाऊ असे वाढत जातात. ६० वर पोचलेल्या सिलिंडरला पुढे स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक लागतो. मालकाकडे पिस्टनच्या खोक्याचं झाकण किंवा बिल असेल तर आकडा तिथे मिळतो.

गिरगाव_पॉइंट
आवाजांबद्दल लिहितो. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) आवाजाला घाबरून लोक चांगल्या गाड्या सोडतात, आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलेली गाडी 'बुलेटचा ठोकाच असा' म्हणून घरी आणतात.

एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा.

टॅपेटच्या झाकणावर, म्हणजे उजवीकडे सिलिंडरच्या बुडाशी, बारीक एकसारखी टिकटिक आली तर अॅडजस्टमेंट. ती तिथेच तपासता येते. इंजिन गार, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर पिस्टन, झाकणाचा एक नट काढला की दोन पुशरॉड समोर दिसतात. चिमटीत धरून गोल फिरवा. मोकळी फिरायला हवी, पण वरखाली मुळीच हलायला नको. फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि काही दिवसांत जळेल. शांत टॅपेटची गाडी म्हणून विकायला काही जण मुद्दाम घट्ट आवळून ठेवतात, म्हणून ही तपासणी आवाज नसला तरी करा.

सिलिंडरवर थंडपणी टकटक आणि गरम झाल्यावर कमी, हा पिस्टन स्लॅप. रिबोअर जवळ आलंय, पण हजारो किलोमीटर तसंच चालू शकतं.

क्रँककेसवर जाड, खालून येणारा 'धब धब', जो चढावर लोड आल्यावर वाढतो किंवा थ्रॉटल सोडताना दुहेरी ऐकू येतो, तो बिग एंडचा. याला तडजोड नाही.

टायमिंग कव्हरमधून शिटीसारखी घरघर येते ती टायमिंग गिअर आणि कॅम स्पिंडलच्या झिजेची. थोडी असतेच. आवाज चढत-उतरत असेल तर गिअर लंबवर्तुळ झिजलेत.

आणि पोकळ सायलेन्सर लावलेली गाडी असेल तर हे काही ऐकूच येणार नाही. दंडाचा भाग वेगळा. विकणाऱ्याला ओरिजिनल सायलेन्सर लावून दाखवा म्हणायचं.

दट्ट्या_७०बाय९०
बुशवाल्या बिग एंडबद्दल एक शब्द. जुन्या क्रँकमध्ये फ्लोटिंग बुश असायचं, आता बरेच जण रोलर बेअरिंग टाकून घेतात. बुश ऑइलच्या प्रेशरवर जगतं, म्हणून बँजोची तपासणी बुशवाल्या इंजिनाला दुप्पट महत्त्वाची. रोलर टाकलं असेल तर कुठे टाकलं, क्रँक प्रेसवर कोणी अलाइन केला, ते विचारा. अलाइनमेंट चुकलेला क्रँक ५० च्या पुढे फूटरेस्टमधून पाय बधिर करतो.

खडकी_बाजार
इथे थोडा मतभेद. ऑइल वेळेवर बदललेलं बुश रोलरपेक्षा शांत चालतं आणि भरपूर टिकतं. रोलर टाकलंय म्हणून किंमत वाढवून देऊ नका.

दट्ट्या_७०बाय९०
मान्य, पण 'ऑइल वेळेवर बदललेलं' हे तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या गाडीत कोण खात्रीने सांगणार?

सांगली_चेनसेट
क्लच, गिअरबॉक्स आणि मागचं चाक कोणी बोललं नाही.

डावीकडचं मोठं अॅल्युमिनियमचं झाकण, म्हणजे प्रायमरी कव्हर, मधल्या एकाच नटवर बसतं. रबरी सील नीट नसेल तर इथून गळणारच. गळू नये म्हणून लोक नट अति आवळतात आणि कव्हर वाकतं. मग नवीन सीलही धरत नाही. कडेने सिलिकॉन फासलेला दिसला तर कव्हर वाकलंय असं समजा. आत सुमारे ४२० मिली ऑइल असतं आणि दुहेरी चेन. वरच्या झाकणातून बोट घालून चेन हलवा. सगळ्यात घट्ट जागी सहा मिमी, म्हणजे दोन सूत ढील पुरे. फार ढिली चेन कव्हरला आतून घासते.

क्लच: पहिल्यांदा चालू करण्याआधी क्लच दाबून दोनदा किक मारा म्हणजे चिकटलेल्या प्लेट सुटतात. तरीही पहिला टाकताना कडकड झाली तर प्लेट किंवा पॅड बघावे लागतील. घसरतोय का बघायला चौथ्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा. आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय.

गिअरबॉक्स: पहिला वर, बाकी तीन खाली. मध्ये खोटा न्यूट्रल लागणं या बॉक्सला नवीन नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्यात जोरात थ्रॉटल देऊन एकदम सोडा, मग पुन्हा द्या. गिअर उडी मारून सुटला तर आतले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजलेत. उजवीकडे टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर तिसऱ्यात आणि चौथ्यात वापरून बघा, थेट न्यूट्रल लागला पाहिजे.

आणि हे नवीन माणसाला माहीत नसतं. मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध ओतलेलं आहे. दात गेले की पूर्ण ड्रम बदलायचा. पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे दडलंय, ते बदलायला प्रायमरी आणि क्लच सगळं उतरवावं लागतं. म्हणून फक्त चेन नवी टाकून 'चेनसेट नवा' सांगितलं जातं. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या मधोमध धरून मागे ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा दिसला किंवा दात करवतीसारखे एका बाजूला झुकलेले असले तर तिन्ही वस्तूंचा खर्च धरा. ड्रम आतून ओव्हल झाला असेल तर ब्रेक दाबताना पॅडल पायाखाली नाडीसारखं उडतं. लक्षात ठेवा, मागचा ब्रेक इथे डाव्या पायाला आहे. टेस्ट राइडच्या आधी मोकळ्या जागेत दहा वेळा दाबून सवय करा, नाहीतर घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला जातो.

कासपठार
ही ड्रमची गोष्ट माहीत नव्हती. फ्रेम आणि टाकीचं काय बघू? रंगवलेल्या गाडीत तर काहीच दिसणार नाही.

गिरगाव_पॉइंट
रंगाखालचं दिसतं, थोडा वेळ द्यावा लागतो.

बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून पाइप नाही. पुढचा पाइप इंजिनाच्या पुढच्या प्लेटपाशी संपतो आणि इंजिनच दुवा म्हणून काम करतं. त्यामुळे इंजिनाचे माउंटिंग बोल्ट ढिले ठेवून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत भोकं लंबगोल होतात आणि प्लेटांना तडे जातात. टॉर्च घेऊन पुढच्या-मागच्या प्लेट, सेंटर स्टँडची जोडणी, हँडलच्या नेकखालचा जोड बघा. वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ किंवा रंगात केसासारखी तडकलेली रेषा दिसली तर तिथे थांबा.

चिकटपट्टीने कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक टाकीवर फिरवा. सुटला तिथे लांबी भरलीय. झाकण उघडून आत टॉर्च मारा. तपकिरी गंज आणि पापुद्रे सुटत असतील तर कार्ब्युरेटर सारखा चोंदणार. आत पांढरट किंवा लाल लेप दिसला तर टाकी गळत होती आणि आतून कोटिंग केलंय.

सेंटर स्टँडवर मागचं चाक उचलून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ढकला. स्विंग आर्मच्या मुळाशी टिकटिक जाणवली तर बुश. पुढचं चाक उचलून हँडल मध्यातून सावकाश फिरवा. सरळ रेषेत खाच लागून अडकलं तर कोन-बेअरिंगच्या वाट्या गेल्या. टायरवर चार आकडी तारीख कोरलेली असते, आठवडा आणि वर्ष. ३८१७ म्हणजे २०१७ चा अडतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, तो टायर बदलायचाच.

आरटीओ_खिडकी
इंजिन बघायच्या आधी कागद बघा. इंजिन दुरुस्त होतं, चुकीचा चेसिस नंबर होत नाही.

चेसिस नंबर फ्रेमवर हँडलच्या नेकपाशी, इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर सिलिंडरच्या बुडाशी. रॉकेलच्या फडक्याने पुसा, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. छाप घरी नेऊन आरसीशी एक-एक अक्षर ताडून बघा. आकड्यांची खोली आणि ओळ सारखी हवी. भोवती ग्राइंडरच्या खुणा, जास्तीचा गुळगुळीत पट्टा किंवा नंबरावरच रंगाचा जाड थर असेल तर घेऊ नका. इंजिन दुसरं बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर असायला हवी, तोंडी खुलासा चालत नाही.

आरसीवर इंधन पेट्रोल आहे ना, तेही वाचा. टॉरसमध्ये, म्हणजे एनफिल्डच्या डिझेल बुलेटमध्ये, मागाहून पेट्रोल इंजिन बसवलेल्या गाड्या फिरतात आणि कागदावर डिझेलच राहतं.

नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून नूतनीकरण. १९९५ च्या गाडीचं ते शेवटचं कधी झालंय ते बघा. थकलेलं असेल तर दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे सगळं विकणाऱ्याने आधी पूर्ण करावं. जुन्या आरसी बुकाच्या गाड्यांची माहिती वाहन प्रणालीवर नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करावी लागते. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून दिसतोय का, नाव जुळतंय का, कर्जाचा बोजा दिसतोय का, हे घरबसल्या कळतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी.

हस्तांतराला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने आधी चढवून घ्या, मुलाने सही केलेला २९ ग्राह्य नाही. दिल्लीत १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी असल्याने तिकडच्या बुलेट स्वस्तात इकडे येतात. एनओसी हातात नसेल तर कितीही स्वस्त असली तरी पैसे देऊ नका.

सांगली_चेनसेट
ताई, दोन गाड्यांपैकी विटक्या रंगाची आधी बघा. रोज चालणाऱ्या गाडीचे दोष चालू अवस्थेत दिसतात. नुकतीच रंगवलेली घ्यायचीच असेल तर रंगकामाआधीचे फोटो आणि इंजिनकामाची बिलं मागा. इंजिन खरंच उघडलं असेल तर जुना पिस्टन, जुने व्हॉल्व्ह बहुतेक मालक दाखवायला जपून ठेवतात.

कासपठार
शेवटचा प्रश्न. टेस्ट राइड किती लांब आणि परत आल्यावर काय बघू?

दट्ट्या_७०बाय९०
निदान वीस मिनिटं, त्यात एक चढ हवा. परत आल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. ठोका एकसारखा राहिला पाहिजे. आयडल आपोआप चढत गेलं तर मॅनिफोल्डपाशी हवा घुसतेय किंवा कार्ब्युरेटरची स्लाइड झिजलीय. हेडलाइट लावून रेस करा, मीटरचा काटा अधिककडे सरकला तर चार्जिंग ठीक.

मग बंद करून गरम असतानाच पुन्हा किक मारा. चांगली बुलेट गरमपणी चोकशिवाय एक-दोन किकमध्ये चालू होते. थंडपणी पहिल्या किकला आणि गरमपणी आठव्या किकला, असं असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर.

त्यानंतर सेंटर स्टँडवर लावा, खाली वर्तमानपत्राचा मोठा कागद अंथरा, पंधरा मिनिटं कागदपत्रं वाचत बसा. उठून कागद बघा. डाव्या बाजूचे थेंब प्रायमरीचे, उजवीकडे पुढे टॅपेट कव्हरचे, उजवीकडे मागे किकच्या शाफ्टचे. मधोमध क्रँककेसखाली ठिपका असेल तर ड्रेन नटचा वॉशर बघा, आणि नट कोरडा असूनही थेंब येत असेल तर टॉर्च मारून केसच्या सांध्यावर तडा आहे का ते शोधा.

खडकी_बाजार
कागदाच्या कडेला गाडीचा नंबर लिहून ठेवा. दुसऱ्या गाडीखाली नवा कागद घाला. दोन्ही शेजारी ठेवले की कुठली कुठून गळते ते लगेच दिसतं.